मागे कोणी म्हणत नाही तेव्हा

घड्याळ सुरू व्हायच्या आधी

ही एका मिनिटाची गोष्ट आहे. सांगायला मात्र मिनिटाहून जास्त वेळ लागेल, कारण त्या मिनिटाच्या पोटात मनोहरराव बोंदरे सरांची एकतीस वर्षं बसलेली आहेत आणि ती एकदम बाहेर निघत नाहीत.

नागपूरच्या नंदनवन भागातलं एक कनिष्ठ महाविद्यालय. फेब्रुवारीतली सकाळ, साडेदहा. मागच्या अंगणात टाकी भरायचा पंप सुरू, तो नेहमीसारखा धडधडतो आहे. वाचनालयाच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक स्टॉपवॉच आणि रितिका मॅडम. मॅडम म्हणजे पंचविशीतली मुलगी, एका मोठ्या रुग्णालयाच्या नर्सिंग अभ्यासक्रमाकडून आलेली. तिथं सगळं इंग्रजीतून शिकवतात, म्हणून बारावीच्या मुलामुलींचं इंग्रजी वाचन आधी तपासायचं. एक मिनिट मोठ्यानं वाचायचं, मग उताऱ्यावरचे पाच प्रश्न. मिनिटाला नव्वद शब्द झाले तर अर्ज पुढं, नाही तर तिथंच संपला. वाचताना तीन सेकंद थांबलं की कागदावर एक फुली.

अर्ज केलेले अकरा. पाच जण आत जाऊन आले. पाचही नापास.

सगळ्यात आधी गेलेला अभिजीत बाहेर येऊन भिंतीला टेकला होता.

"काय झालं गा?" सरांनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीस काय?"

"शब्द. वेळच संपला सर. अर्धा उतारा बाकी होता."

"तू तर वर्गात धडाधड वाचतं."

"इथं बी धडाधडच वाचून राहिलो होतो," अभिजीत म्हणाला. त्याचं त्यालाच कोडं पडलं होतं.

श्वेता बावन्न. बाकीचे तिघं त्याच्याच आसपास. सरांनी दाराशी जाऊन डोकावायचा प्रयत्न केला तेव्हा रितिका मॅडमनी व्हरांड्यात खडूनं एक रेघ ओढली. "सर, शिक्षकांनी या रेघेच्या अलीकडे यायचं नाही. नियम आहे." आवाज नम्र होता, रेघ सरळ होती.

सहावी प्रणाली निनावे.

सेकंद शून्य ते पाच

"एव्हरी मॉर्निंग द फेरी क्रॉस्ड द रिव्हर विथ ट्वेल्व्ह पॅसेंजर्स."

खिडकी उघडी होती. रेघेमागून सरांनी शब्द मोजले. दहा. स्वच्छ, एकाही ठिकाणी न अडखळता. होडीतून नदी ओलांडणारी बारा माणसं. सरांच्या छातीवरचं ओझं जरा हललं.

सेकंद पाच ते दहा

शांतता.

आता एकतीस वर्षांपैकी पहिलं वर्ष इथं काढून ठेवतो.

मनोहरराव पारशिवनीकडचे, शेतकऱ्याघरचे. कॉलेजात नागपूरला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी त्यांना उभं करून एक परिच्छेद वाचायला लावला. दुसऱ्या ओळीवर मागच्या बाकावरून हसू आलं, चौथ्या ओळीपर्यंत सगळा वर्ग हसत होता. कोणत्या शब्दाला हसले ते त्यांना कधीच कळलं नाही. त्यामुळं त्यानंतर त्यांना सगळ्याच शब्दांची भीती वाटायला लागली. इंग्रजीत एम. ए. झाले, नोकरी लागली, तरी इंग्रजी एकट्यानं मोठ्यानं वाचायची वेळ आली की तोंडाला कोरड पडायची.

नोकरीच्या पहिल्या दिवशी वर्गात सत्तर मुलं आणि पुस्तकं नऊ. सरांनी तिथल्या तिथं एक पद्धत काढली. एकानं एक ओळ वाचायची, सगळ्यांनी ती मागे म्हणायची. मग पुढची ओळ. पुढे वाचणाऱ्याला मुलं 'लीड' म्हणू लागली. "आज लीड कोणाची?" असं विचारत वर्ग भरायचा. सत्तर आवाजांत कोणाचा शब्द चुकला ते ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही तर कोणी हसत नाही. पुढं पुस्तकं फुकट मिळायला लागली, सगळ्यांना पुरली. पद्धत राहिली.

सर स्वतःही वाचून दाखवायचे ते तसंच. एक ओळ ते, एक ओळ वर्ग. त्यांच्या मागे नेहमी कोणीतरी असायचं.

सेकंद दहा ते पंधरा

"द ओल्ड बोटमन न्यू ऑल ऑफ देम बाय देअर फूटस्टेप्स."

पुन्हा दहा. पुन्हा स्वच्छ.

प्रणालीचे वडील मुकुंद निनावे. पूर्वी घरी हातमाग होता, आता शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. थोरली धनश्री मॉलमधे पावडर-लिपस्टिकच्या काउंटरला दहा तास उभी असते आणि घरी येऊन गरम पाण्यात पाय टाकून बसते. मुकुंदरावांनी अर्जावर सही करताना सरांना सांगितलं होतं, "सर, हे झालं तर झालं. नाही तर जूनपासून हिले बी तिच्याच शेजारी उभी करतो. मी काही वाईट बाप नाही, पण दुसरं काही मिळते का म्हणून दोन वर्षं वाट पाहाची ताकद नाही राहिली."

"होईल. मी सांगतो ना," सर म्हणाले होते.

प्रणालीनं मागं उभं राहून हे ऐकलं होतं. बापाचा नव्हे, सरांचा शब्द तिनं गाठीला बांधला होता. हेच सरांना आता जड जात होतं.

सेकंद पंधरा ते वीस

शांतता.

पेन्सिलीचा आवाज येण्याइतकी खिडकी जवळ नव्हती, पण रितिका मॅडमचा हात हललेला दिसला. फुली. दुसरी.

अडकली का? सरांनी मान उंचावली. प्रणालीचं डोकं पुस्तकात नव्हतं. ती वर बघत होती, समोर, मॅडमच्याही पलीकडे, रिकाम्या कपाटांकडे. अडकलेली मुलगी शब्दाकडे बघते. ही कोणाचीतरी वाट बघत होती.

तेवढ्यात सरांच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत. बाय देअर फूटस्टेप्स. व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या मुलांकडे त्यांनी पाहिलं. तिथंही ओठ हलत होते, आवाज न करता. पिंटूचे, पंकजचे, नापास झालेल्या श्वेताचेसुद्धा. शेवटचा शब्द सगळ्यांच्या तोंडात संपला आणि त्याच क्षणी आतून पुढची ओळ सुरू झाली.

सर रेघेपर्यंत पुढं सरकले.

मुलगी नापास होत नव्हती. ती लीड करत होती. वर्गानं म्हणेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही, शेवटच्या बाकाचा आवाज आल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. अकराही जणांना. अकरावीपासून रोज.

सेकंद वीस ते पंचवीस

"वन डे ओन्ली इलेव्हन केम, अँड ही वेटेड."

या वेळी प्रणालीचा आवाज चढला होता. वर्गात मागचे बाक झोपले की लीडनं आवाज चढवायचा, हेही सरांनीच शिकवलेलं. तिला वाटत होतं, आपण हळू वाचतो म्हणून कोणी म्हणत नाही.

सेकंद पंचवीस

आता बघा, या एका सेकंदात काय काय करता आलं असतं. रेघ ओलांडून आत जाता आलं असतं; मॅडमनी परीक्षाच रद्द केली असती. खिडकीतून "थांबू नको वं" असं ओरडता आलं असतं. ते सांगणं झालं असतं, आणि सांगणं म्हणजे कॉपी. गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं सगळ्यात सोपं, आणि सरांना त्याची सवयही होती.

मनोहररावांनी तोंड उघडलं.

"वन डे ओन्ली इलेव्हन केम..."

एकटे. भर व्हरांड्यात. घसा कोरडा, आवाज फाटका. चार-पाच शब्दांपुरते जगात फक्त तेच इंग्रजी बोलत होते, आणि त्यांना ते चांगलंच ठाऊक होतं.

"...अँड ही वेटेड," दहा आवाज म्हणाले.

मुलांना विचारावं लागलं नाही. ओळ कानावर पडली आणि तोंडं आपोआप उघडली.

आत प्रणालीच्या खांद्यांवरचा ताण उतरला. लहान मुलाला गर्दीत आईचा पदर सापडावा, तशी ती पुस्तकाकडे वळली.

सेकंद तीस ते साठ

ओळ. ओळ. ओळ. ओळ. ओळ. ओळ.

एक आतून, एक बाहेरून. पंपाची धडधड खाली राहिली. समोरच्या वर्गातल्या मुली दाराशी आल्या. शिपाई भैयाजी झाडू हातात घेऊन थांबला आणि त्याला एक अक्षर कळत नसताना 'वेटेड' एवढं दोनदा म्हणून बसला.

आणि स्टॉपवॉच वाजलं.

मिनिटानंतर

रितिका मॅडम बाहेर आल्या. चेहरा लाल.

"सर, हे काय होतं?"

"चुकलं माझं."

"साठ शब्द. साठ. आणि तुम्ही बाहेरून उतारा म्हणता? मला हे लिहून द्यावं लागेल."

"लिहा. पण आधी माझं ऐका, मॅडम." सरांनी हात जोडले नाहीत, ते खडूच्या रेघेमागेच उभे राहिले. "ही मुलं वाचता येत नाही म्हणून थांबून राहिली नाहीत. मी शिकवलं म्हणून थांबतात. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी मागे म्हणायचं. एकट्यानं सलग वाचायची वेळच मी त्यांच्यावर आणली नाही कधी."

रितिका मॅडमनी प्रणालीकडे पाहिलं. ती दारात येऊन उभी होती.

"तू का थांबत होतीस?"

"मागचे म्हणून राहिले नव्हते ना, मॅडम."

"पण मागे कोणीच नव्हतं."

"हो. मले वाटलं, येईल आवाज." प्रणाली थोडी ओशाळली. "आमच्या घरी माग होता. सुताचा धोटा तिकडून परत आल्याशिवाय इकडून कसा फेकणार? बाबा म्हणत, घाई केली की सूत तुटते."

मॅडमनी हातातल्या कागदावरच्या फुल्या पाहिल्या. प्रत्येक फुली ओळीच्या शेवटी होती. एकही ओळीच्या मधे नव्हती. मग त्यांनी आधीच्या पाचांचे कागद काढले आणि तेही तसेच निघाले.

"आणि मला वाटलं, या कॉलेजातल्या सगळ्यांनाच धाप लागते," त्या पुटपुटल्या.

मग सूचनांचं पत्रक उघडून त्यांनी बराच वेळ एकच परिच्छेद वाचला, बोट ठेवून.

"बाहेरून आवाज येऊन वाचनात व्यत्यय आल्यास दुसरा उतारा द्यावा," त्या म्हणाल्या. "आता व्यत्यय आला, हे तर नंदनवनात सगळ्यांनी ऐकलं."

"आणि आधीचे पाच?" सरांनी विचारलं.

"त्यांच्या वेळी बाहेर काही आवाज होता का?"

सर खोटं बोलायला तयार होते. तशी वेळ आली नाही. अंगणातून भैयाजी म्हणाला, "पंप सकाळपासून चालू आहे ना, मॅडम. कान फाटून राहिले माहे."

रितिका मॅडमनी कान दिला. धडधड, धडधड. त्यांनी पेन उघडलं आणि पाचही कागदांवर एक-एक ओळ लिहिली. "पंप बंद करा. सहाही जणांना दुसरा उतारा. पण सर, पोरांना तुम्ही सांगा. आणि एकच वाक्य."

सरांनी एकतीस वर्षांचं एक वाक्य शोधलं.

"प्रणाली, आता मागे कोणी म्हणणार नाही, तू जा पुढं."

दुसरं मिनिट

पंप थांबल्यावर कॉलेज केवढं शांत असतं ते त्या दिवशी कळलं.

उतारा मधमाश्यांचा होता. पहिली ओळ संपली. बाकावर दहा जणांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवले होते. पिंटूनं दोन्ही ठेवले होते, कारण त्याचा एकावर भरवसा नव्हता. भैयाजीनं झाडूचा दांडा तोंडाला लावला होता.

सरांनीही हात ठेवला.

आत एक अगदी बारीक फट पडली. अर्धा सेकंद. प्रणालीची मान वर यायला निघाली, अर्ध्यात थांबली, खाली गेली.

दुसरी ओळ. तिसरी. पाचवीनंतर ओळी वेगळ्या ऐकू येईनाशा झाल्या. एकात एक गुंतून मोठी वाक्यं झाली, वाक्यांना अर्थ यायला लागला, आणि मधमाश्या एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना सरांना खिडकीबाहेरून दिसल्या. इतकी वर्षं शिकवून त्यांनी एखादा उतारा असा सलग ऐकलाच नव्हता. एक शब्द तिनं चुकीचा उच्चारला. कोणी हसलं नाही. ती पुढं गेली.

स्टॉपवॉच.

"एकशे चौदा," रितिका मॅडम दारातून म्हणाल्या. "प्रश्न पाचपैकी चार."

बाकावरचे हात एकदम तोंडावरून निघाले आणि दहा आवाज, कोणी सांगितलं नसताना, एकसुरात म्हणाले, "एकशे चौदा."

मॅडम हसल्या. सर हसले नाहीत, ते खाली बसले, खडूच्या रेघेवरच. पँटवर पांढरा पट्टा उमटला तो त्यांना घरी जाईपर्यंत कळला नाही.

फाटकापाशी व्हॅन उभी होती. प्रणाली धावत गेली नाही, चालत गेली. मुकुंदरावांनी काच खाली केली. तिनं आकडा सांगितला असावा. त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि हॉर्न वाजला. त्यांनी डोकं उचललं नाही, त्यामुळं तो बराच वेळ वाजत राहिला.

"परत व्यत्यय," रितिका मॅडम म्हणाल्या. "पुढचा कोण?"

अभिजीत उठला. दोन पावलं गेला, परत आला.

"सर, म्हणजे लाइन संपल्यावर थांबायचं नाही?"

"नाही गा."

"फुलस्टॉप असला तर?"

"श्वास घ्यायचा. आपल्यापुरता."

अभिजीतनं मान हलवली, एक मोठा श्वास उगाचच घेऊन पाहिला आणि आत गेला.