बंद असतानाच

प्रयोगशाळेत तिला सगळे गोचीडताई म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. मधमाशीला चिकटून तिच्या अंगातली चरबी चोखणारी एक तांबडी गोचीड असते, टाचणीच्या डोक्याएवढी. ताईनं आयुष्याची बारा वर्षं तिच्यापायी घातली होती. लग्नाचा विषय निघाला की आई म्हणायची, "तिचं लागलंय की, गोचिडीशी."

ही गोचीड मोठी बेरकी. माशीच्या पाठीवर बसून फुकटचं खात राहते, पण तिथं एक अंडं घालेल तर शपथ. पोळ्याच्या घरातली अळी मोठी झाली की माश्या त्या घराला मेणाचं झाकण लावतात. त्याच्या जरासं आधी ही बया आत शिरते. अळीचा वास लागला की तिच्यातलं एक जनुक जागं होतं आणि झाकणाआड तिची बाळंतपणं सुरू होतात. ताईनं त्या जनुकाचंच तोंड दाबणारं औषध शोधलं होतं. साखरेच्या पाकातून माश्यांना पाजायचं, माश्यांतून ते गोचिडीत जातं. गोचीड मरत नाही, पण वांझ राहते. अट एकच: जनुक जागं व्हायच्या आत औषध पोचलं पाहिजे.

तिच्या थोरल्या भावाच्या मधमाश्यांच्या बारा पेट्या होत्या. दादा दर वर्षी आम्लाची वाफ देऊन गोचिडी मारायचा. यंदा ताईनं गळ घातली, वाफ नको, माझं औषध दे. दादा म्हणाला, "तू म्हणतेस तर विषसुद्धा देईन." अकरा पेट्या मेल्या.

ती सुट्टी टाकून धावत आली तेव्हा अंगणभर चुरगळलेल्या पंखांच्या माश्या चालत होत्या. उडता येत नव्हतं म्हणून चालत होत्या. वहिनी त्यांना झाडूनं गोळा करत होती आणि नणंदेकडे बघत नव्हती.

"फसलं तुझं औषध," दादा म्हणाला. "बारावीला आता हात लावू देणार नाही."

"वही दाखव."

दादाची वही म्हणजे आरसा, एक दिवस चुकलेला नाही. सगळी अळी एका वयाची व्हावी म्हणून राणीला आधी पिंजऱ्यात ठेवायचं आणि मग सोडायचं, हे ताईनंच शिकवलं होतं. दादानं लिहिलं होतं: 'राण्या सोडल्या. नवव्या दिवशी घरं बंद. पाक दिला.' असं तीन वेळा.

ताईनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "घरं बंद झाल्यावर दिलास?"

"तूच म्हणालीस ना फोनवर? बंद असतानाच दे, एकदा चालू झालं की उपयोग नाही. मी तर ताटकळत बसायचो, घरं बंद होईस्तोवर."

ती म्हणाली होती. शब्दन् शब्द तोच. प्रयोगशाळेत जनुक बंद असतं नाहीतर चालू असतं, तिथं तिसरी भाषाच नाही. आणि माश्या पाळणाऱ्याच्या तोंडी बंद म्हणजे मेणानं बंद. जन्मभर दादाच्या तोंडून हाच शब्द ऐकूनही तिच्या डोक्यात उजेड पडला नव्हता. तिच्या अर्थानं बंद होतं तेव्हा दादानं पाक राखून ठेवला, आणि दिला तेव्हा झाकणाआड सगळं चालू होऊन बसलं होतं.

गप्प राहता आलं असतं. औषधं काय, रोज फसतात. पण मग बारावी पेटीही गेली असती. तिनं सांगून टाकलं.

दादानं वहीच्या पानावरून अंगठा फिरवला. "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं."

"नाही. माझ्या जिभेनं मेल्या त्या."

"बारावीचं बोल."

"बंद घरं कापून काढायची, आतल्या गोचिडींसकट. मग उघड्या अळीला औषध."

"म्हणजे पोरं कापायची." दादानं मान वर केली. "थंडी तोंडावर आलीय. ही पोरं निघाली नाहीत तर पेटीत ऊब धरायला कोण राहणार?"

"नाही कापली तर गोचिडीच राहतील."

त्यानं सुरी तिच्या हातात दिली. "मला नाही जमायचं."

तिनं कापलं. पोळ्याची पहिली चौकट, दुसरी चौकट. मेणाच्या पापुद्र्यांसोबत पांढरे कोष बादलीत पडत होते. काहींचे डोळे नुकते जांभळे झाले होते. कामकरी माश्या तिच्या बोटांवरून रिकाम्या घरांत डोकावत होत्या. तिला रडू येत होतं आणि त्याचीच घाई झाली होती, लवकर संपावं म्हणून.

तिसरी चौकट अर्धी झाली असताना, निव्वळ बारा वर्षांच्या सवयीनं, तिनं एक कोष चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरला. घरात एकच गोचीड होती. अंडं नाही, पिल्लू नाही. तिनं दुसरं घर उघडलं, तिसरं उघडलं. दहा घरं उघडली. काही घरांत गोचीडच नव्हती, आणि होती तिथं एकटी, वांझ.

"दादा, पाक दिलास तेव्हा या पेटीतली घरं बंद होती ना?"

"या पेटीतली? नव्हती. हिची राणी नवी. सोडली तरी चार-पाच दिवस अंडी घालायचीच नाही, तिन्ही खेपेला. हिची घरं तेव्हा उघडीच असायची, पण एकीसाठी परत पाक कोण करणार, म्हणून बाकीच्यांबरोबर हिलाही देऊन टाकायचो."

"अरे, मग आधी सांगायचंस ना!"

"तू विचारलंस कुठं?"

औषध लागू पडलं होतं. बारा वर्षं ज्याच्यासाठी डोळे फोडून घेतले ते या एका पेटीत चोख उतरलं होतं, म्हणूनच ही पेटी जिवंत होती. आणि ताईच्या पायाशी बादली भरली होती.

"ही पोरं निरोगी होती," ती म्हणाली. "कापायची गरज नव्हती."

दादानं तिच्या हातातून अर्धी चौकट घेतली. तळहाताएवढी बंद घरं राहिली होती. त्यानं फुंकर घालून मेणाचा चुरा उडवला, चौकट पेटीच्या मधोमध बसवली आणि उरल्यासुरल्या माश्या तिच्यावर गोळा होईपर्यंत वाकून उभा राहिला. थंडीत ऊब धरायला त्या पुरतील का, हे त्यानं विचारलं नाही, आणि तिला ठाऊक नव्हतं. तो ओरडेल म्हणून ती वाट बघत राहिली. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं झाकण लावलं, बादली उचलली आणि तिच्या अंगाला लागू नये म्हणून जरा लांबून निघून गेला.