कोरडा तांदूळ

"थुंक!" पुंजा भगत ओरडला, आणि सगळा पाडा श्वास रोखून पुढे वाकला.

रामीने पळसाच्या पानावर चावलेला तांदूळ थुंकला. ओला गोळा. "सुटलीस बाय! देवानं पाणी दिलं!" ढोल वाजला. मग हौशी आली, तीही सुटली. माणसं आ वासून बघत होती. काय तो चमत्कार! साक्षात देव म्हणे बायकांच्या तोंडात बसून न्याय करत होता.

मी जव्हार संस्थानचा देवी टोचणारा. सूर्यमाळजवळच्या त्या पाड्यावर भर दुपारी पोचलो, तेव्हा देवीच्या साथीत सात पोरं दगावली होती. भगताने कारणही हुडकून ठेवलं होतं. पाड्यात भुताळी आहे, ती पोरं खाते, आणि मंतरलेला तांदूळ तिच्या तोंडात कोरडाच राहतो!

"आता ही," म्हणत त्याने गौराबाईला केसांना धरून ओढलं. बिचारी एकटी विधवा, जवळ फक्त एक नात, चैती. म्हातारीचा गुन्हा एवढाच, की त्या सातांत चैती नव्हती.

"समद्यांची पोरं गेली, हिची कशी राहिली?" भगत तिच्या नाकासमोर कोयता नाचवू लागला. "वाघोबा बोलतोय माझ्या तोंडून! चाव! कोरडा निघाला तर हितंच चिरीन!"

रामीला मात्र हाच लबाड म्हणत होता, "भिऊ नको बाय, सावकाश चाव."

गौराबाईने थुंकलं. नुसती पांढरी भुकटी उडाली.

पहिली काठी जिवाने घातली. त्याची दोन पोरं गेली होती. हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. मग दगड सुरू झाले. "मी नाय खाल्ली रे जिवा! माझ्या मांडीवर खेळली ती!" म्हातारी रक्ताने भरलेल्या तोंडाने ओरडत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घुमणाऱ्या भगताच्या हातातला कोयता मी हिसकावला आणि पातं त्याच्या गळ्याला लावलं. रक्ताचा थेंब आला. पुढे येणारी माणसं जागीच थबकली.

"चाव! तांदूळ तुझे, देव तुझा. कोरडा निघाला तर इथंच चिरीन!"

"मी... मी देवाचा माणूस..."

"मग चाव की भगता," जिवा काठी खाली करत म्हणाला. "तुला कसलं भ्या?"

भगताची पाचावर धारण बसली होती. चावून चावून तो थुंकला. भुकटीच!

"भगतच भुताळा! ठेचा त्याला!" कोणीतरी किंचाळलं. तेच दगड, तीच माणसं. जिवाच्या फटक्याने भगताचे पुढचे दात तुटले. हाय रे कर्मा! सांगायला गेलो काय आणि समजले काय!

मी कोयता फेकून मध्ये पडलो. एक दगड कपाळावर बसला. मूठभर तांदूळ तोंडात कोंबला, चावला आणि जिवाच्या तळहातावर थुंकला. तोही कोरडा.

"बघ! मीही भुताळा? मार मला!"

जिवाने ती भुकटी बोटाने चोळून पाहिली.

"अरे, मी तुम्हांला भ्यालोय! भ्यालं की कोणाचीही लाळ आटते. तोंडचं पाणी पळालं म्हणतो, ते काय उगाच? हा मेला जिला कोयता दाखवतो, तीच भुताळी ठरते. मंतर नाही नि फिंतर नाही." मी चैतीला जवळ घेतलं, दंडावरचा वण दाखवला. "आणि ही जगली ती या टोचण्यामुळे. माघात मी आलो होतो, तेव्हा एकटी गौराबाई नातीला घेऊन आली. तुम्ही या भगताचं ऐकून पोरं रानात लपवलीत."

"म्हणजे टोचली असती तर माझी..." जिवाने विचारलं.

खोटं बोलायचा मोह झाला. पण खोट्यानेच तर हे सगळं झालं होतं. "बहुतेक जगली असती," मी म्हणालो.

जिवा मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं बडवू लागला. गौराबाई सरपटत आली. मोडलेला हात छातीशी धरून, दुसऱ्या हाताने तिने त्याचं मनगट धरलं.

ती जगली, पण तो हात पुन्हा सरळ झाला नाही. वाचकहो, चमत्कार दिसला की नमस्कार करण्याआधी एकदा विचारा, हाच खेळ करणाऱ्यावर करून पाहिला तर? आणि हे काठी उचलण्याआधी विचारा. नंतर विचारून मोडलेलं हाड जुळत नाही.