खोकल्यावरची हजेरी

आशाबाईला झेंडा मिळाला आन् साळूबाईच्या पोटात जी आग पडली, ती काही केल्या विझंना.

पिशोरच्या अलीकडं काळ्या दगडाची खदान. साळूबाई तिथं आठ वर्षं डोक्यावर खडीच्या पाट्या वाहत होती. तिचा नवरा कडूबा घण चालवायचा, धाकटा दीर फकिरा बी तिथंच. धाकटी जाऊ आशाबाई आत्ता मागच्या दिवाळीला कामावर आली. पण खदान नव्या मालकानं घेतली, सरकारी साहेब येऊन बघून गेले आन् हुकूम निघाला की सगळ्यांनी बारा दिवस शिकायचं, परीक्षा द्यायची, मंगच फोटोचं सर्टिफिकेट. कागदावर सगळेच नवे. पाट्या वाहून टाळूवरचे केस उडालेली साळूबाई नवी, आन् कालची आशाबाईबी नवीच. हाय का नाय मजा?

शिकवायला शहागंजातले निजामुद्दीन मास्तर यायचे. दगड लागू नये म्हणून डोक्याला टोपडं कसं बांधायचं, सैल दगड कसा वळखायचा, सुरुंगाच्या आधी कुठं जाऊन बसायचं, सगळं लिंबाखाली बसवून समजावून सांगायचे. परीक्षेत दोघी पास झाल्या. पण आशाबाई चौथी शिकलेली, तिला यादी वाचता यायची. म्हणून सुरुंगाच्या वेळी लाल झेंडा धरायचं, हजेरी घ्यायचं आन् शिट्टी मारायचं काम तिला मिळालं. झेंडेवालीला पाट्या नाहीत. साळूबाईची कंबर दोन वर्षं झाली धरली होती. ते काम तिला पाहिजे होतं, अगदी देवाला बोलून पाहिजे होतं.

“यादी वाचून दगड फुटतोय व्हय?” असं ती पाणवठ्यावर बायांना म्हणायची. आशाबाईनं केलेल्या भाकरीत तिला खडे लागायचे. जाऊ सावलीत उभी दिसली की हिच्या डोक्यावरची पाटी दुप्पट जड व्हायची.

पण एक गोष्ट साळूबाईनं हेरली होती. मास्तरनं बजावलं होतं, “नाम पुकारो, जवाब सुनो, फिर शिट्टी. नाव घेतल्याबिगर शिट्टी नाय.” आशाबाई बारा नावं खणखणीत घ्यायची आन् दोन नावांपाशी अडायची. एक नवऱ्याचं, एक थोरल्या दिराचं. ती नावं कुठली तोंडात यायला? फकिरा आपला आपणच “हाय” म्हणायचा. कडूबाच्या नावापाशी आली की ती पदर पुढं वढून मान खाली घालायची, कडूबा तिकडून खाकरायचा, आन् हजेरी पुरी. मास्तर सुरुंगवाल्या जब्बारपाशी उभे असायचे, त्यांना इतक्या लांबून काय कळणार? साळूबाईला कळलं होतं. पण ती बोलली नाय. चुकू दे एकदा, मंग बघू, असं तिनं मनात धरलं होतं.

त्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की काळा दगड हात लावू देईना. सुरुंगाची भोकं भरली, माणसं वर आली. आशाबाईनं यादी काढली. सांडू, दगडाबाई, एकेकजण व्हय म्हणत गेला. फकिरा हाय म्हणाला. मंग आशाबाईनं मान खाली घातली, कोणीतरी खाकरलं, आन् तिनं शिट्टी तोंडात धरली.

तो खोकला कडूबाचा नव्हता. फकिराच्या घशात धूळ गेली होती. बावीस वर्षं ज्याच्या शेजारी निजली, त्याचा खोकला बायकोला कळत नाय व्हय? साळूबाईला लागलीच कळलं. आन् खरं सांगायचं तर तिला पयल्यांदा आनंदच झाला. सापडली बया! आता मास्तर माणसं मोजतील, एक कमी भरंल, झेंडा हातातून जाईल. तिनं मास्तरकडं पाह्यलं. मास्तर काही मोजंनात. शिट्टी वाजली. खाली जब्बारनं काडी ओढली.

मंग तिच्या ध्यानात आलं की कमी कोण भरलंय.

“कडूबा!” ती वरडली. “जब्बारभाई, काडी टाका! कडूबा खाली हाय!”

जब्बारनं काडी पायाखाली चिरडली. मोठ्या धोंड्याआडून कडूबा पहार घेऊन निघाला. इसरलेली पहार आणायला गेला होता. बायका एकमेकींकडं बघाय लागल्या, कारण साळूबाईच्या तोंडून ते नाव कोणीच कधी ऐकलं नव्हतं.

मास्तरनं आशाबाईला सगळ्यांदेखत झापलं आन् झेंडा काढून साळूबाईच्या हातात दिला. यादी वाचता येत नसली तरी चालंल, म्हणाले, चौदा नावं तोंडपाठ करा, पर पुकारा. आशाबाई रडत येऊन तिच्या पाया पडली. “बाई, तुमच्यामुळं थोरले वाचले, न्हाईतर मी जल्मभर तोंड दावलं नसतं.” साळूबाईनं तिला उठवलं, पण तिच्या डोळ्याला डोळा काही देईना.

सुट्टी झाल्यावर दोघं नवराबायको पायवाटेनं घरी निघाले. कडूबा पुढं, ती मागं. त्यानं एकदाबी मागं वळून पाह्यलं नाय. साळूबाईला वाटलं, चारचौघांत नाव घेतलं म्हणून रागावलाय.

वढ्यापाशी तो थांबला. “फकिरा खाकरला, ते मला खालीबी ऐकू आलं,” तो म्हणाला. “तुला तर ते लागलीच वळखू आलं असंल.”

“व्हय.”

“मंग शिट्टी वाजंस्तोर का थांबलीस?”

साळूबाई उभी राह्यली. तिनं हातातला झेंडा पदराआड घेतला. कडूबा एकटाच वढा वलांडून पुढं गेला.