बापाने घातलेली मोरी

विलो ओढ्यावरच्या रस्त्याखाली थॉर्नॉक भावांच्या बापाने घातलेली पत्र्याची गोल मोरी होती, छातीइतक्या उंचीची. साठ वर्षांत पाण्याने तिच्या खालच्या तोंडाशी जमीन इतकी खरवडली की पाणी कमरेएवढ्या उंचीवरून पडू लागलं. जूनमध्ये बर्फ वितळलं की आमच्याकडचे लाल गळ्याचे ट्राउट मासे अंडी घालायला डोंगराकडे निघतात. ते इथे येऊन थांबायचे. उड्या मारायचे, पत्र्यावर आपटायचे, परत डोहात पडायचे.

थोरला ऑर्व्हल एकाहत्तर वर्षांचा. अकरा वर्षं तो हे मासे बादलीतून रस्त्यापलीकडे नेऊन सोडत होता. मत्स्य खात्यातली टेसा मोरी काढून पूल बांधून द्यायला तयार होती, पण रस्ता दोघा भावांचा आणि धाकटा लमार सही देईना. "आज मोरी काढतील, उद्या म्हणतील गुरं काढा," म्हणायचा. त्यावरून सहा वर्षं अबोला. चर्चमध्येसुद्धा दोघं दोन टोकांच्या बाकांवर.

त्या जूनमध्ये बीव्हरने, ओढ्यात बांध घालणाऱ्या त्या प्राण्याने, मोरीच्या खालच्या तोंडाकडच्या अर्ध्या भागात फांद्या कोंबल्या. ऑर्व्हलची बायको फर्न मुलीकडे गेलेली. जेवण उरकून तो पहार घेऊन वरच्या तोंडाने वाकत आत शिरला. मध्यावर गंजलेला तळ फाटला आणि पाय घोट्याच्या वरपर्यंत खाली गेला. ओढला तर पत्र्याचे दात मांसात रुतले.

डोंगरावर सकाळी वितळलेलं बर्फ दुपारी आमच्या ओढ्यात पोचतं. गुडघ्याला असलेलं पाणी मांडीला आलं, मग कमरेला. ताठ उभं राहायला वर जागा नाही, टेकायला खाली नाही. पाय आधी जळत होता, मग त्याचं भानच गेलं. ओरडून घसा बसला तेव्हा तो पहारीने पत्रा बडवायला लागला.

हरवलेली गाय शोधत आलेल्या लमारने तो आवाज ऐकला आणि तो धावतच आला.

"चोरा! माझ्या माघारी बापाची मोरी फोडतोयस?"

"अरे गाढवा, फोडत नाहीये! अडकलोय!"

वरच्या तोंडाशी वाकून लमारने विचारलं, "पाणी कुठवर आलंय?"

"छातीला."

शेताकडे पाणी वळवायची ताडपत्री लमारच्या ट्रकमध्ये कायम असायची. ती त्याने मोरीच्या वरच्या तोंडावर ताणली, आणि एक कड उचलून तो आत शिरला. आतलं पाणी फांद्यांमधून हळूहळू ओसरू लागलं, पण बाहेर तुंबलेलं रस्त्याच्या काठाकडे चढत होतं. तिथवर पोचलं की ताडपत्री टिकणार नव्हती.

ट्रकमधून आणलेली पत्रा कापायची कात्री पाण्याखाली चाचपडत लावत तो म्हणाला, "हलू नकोस."

"हलता आलं असतं तर तुला बोलावलं असतं का?"

"बोलावलंस कुठे? पत्रा बडवत होतास." कात्री पुढे सरकेना. "बाबांनी पत्रा फार जाड घातला रे."

"मग? तुला तर त्याचाच अभिमान."

लमार कापत राहिला. पाय सुटला तेव्हा ऑर्व्हलला तो वर उचलता येईना. लमारने त्याला काखेत धरून फरफटत बाहेर काढलं. दोघं काठावर पडले होते तेव्हा ताडपत्री सुटली आणि मोरी तोंडापर्यंत भरून गेली. दोघांनी ते पाहिलं.

आठवड्याने लमारने सही केली. "माशांसाठी नाही," त्याने टेसाला सांगितलं. "आणि पूल माझं गवत बांधायचं यंत्र जाईल एवढा रुंद पाहिजे."

सप्टेंबरमध्ये मोरी निघाली. क्रेनने ती उचलली तेव्हा लमार टोपी हातात घेऊन उभा होता. मग टोपी चढवून घरी गेला.

ऑर्व्हलच्या पायाची शीर तुटली होती, ती नीट जुळलीच नाही. काठी घेऊन तो अंगणापर्यंत जायचा, त्यापुढे नाही. ओढा तिथून दिसत नाही. पूल झाला, तरी पुढच्या जूनमध्ये वर एकही मासा आला नाही. महिनाभर तो व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून फर्नवर खेकसत राहिला.

त्याच्या पुढच्या जूनमध्ये लमार चिखलाच्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात आला.

"मासे वरच्या कुरणापर्यंत आलेत."

"किती?"

"मोजायला मी काय टेसा आहे? बरेच आहेत. अंड्यांसाठी खडीत खड्डे करतायत. पाठी पाण्याबाहेर."

"मला घेऊन चल."

"ट्रक तिथवर जात नाही, ऑर्व्हल. आणि तुला उचलायला आता माझीही कंबर चालत नाही."

ऑर्व्हलने काठीने समोरची खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

"मग बस," तो म्हणाला, "आणि नीट सांग. पुलापासून सुरू कर."