एका गालाचं हसू

नाशिकच्या बस स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीतून तीस वर्षं नुसती तोंडंच पाहिली, त्यामुळे माणूस आपण चुटकीसरशी ओळखतो असं भिमाजींना वाटे. एकदा शेजाऱ्याच्या पिवळट डोळ्यांवरून त्यांनी कावीळ ओळखली, ती खरी निघाली, आणि मग तर स्वारीचे पाय जमिनीला लागेनात. कॉलनीत कुणाचंही लग्न जुळवायचं असलं की पोहे खायला आधी भिमाजी!

त्यांच्या संजनाला पाहायला सायखेड्याचा रवी आला. शिक्षक, निर्व्यसनी, बोलायला गोड. पण हसला की एकटा डावा गाल हलायचा.

"एका गालानं हसणारा आतल्या गाठीचा असतो," पाहुणे गेल्यावर भिमाजींनी निकाल दिला.

"बाबा, तसं नाही, त्यांना..."

"मला शिकवू नकोस."

नकार कळवला गेला. पोरीला तो मनापासून आवडला होता. आठवडाभर ती बापाशी धड बोलली नाही.

सोमवारी सकाळी भिमाजींनी चूळ भरली, तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलं. आरशात पाहिलं, तर तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा मिटेना. त्यांची पाचावर धारण बसली.

"लकवा हाय हा. तेल लावणाऱ्याकडं न्या," शेजारच्या लंकाबाई म्हणाल्या. संजनानं ऐकलं नाही. तिनं बापाला रिक्षात घातलं आणि वाटेतच रवीला फोन लावला.

डॉक्टरांनी तपासलं. "मेंदूचा झटका नाही. चेहऱ्याच्या नसेला सूज आलीय. लगेच आलात, बरं केलंत. बहुतेक माणसं यातून बरी होतात."

तेवढ्यात शाळेत रजा टाकून रवी पोचला. "जय भीम, काका. घाबरू नका. तीन महिन्यांपूर्वी मलाही हेच झालं. अर्धा गाल परत आलाय, उरलेला येईल. संजनाला त्या दिवशीच सांगितलं होतं मी."

भिमाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच हिशेबानं आता आपणही आतल्या गाठीचे!

रवीनं त्यांना गाल फुगवायचा व्यायाम दाखवला. भिमाजींनी फुगवून पाहिला, सगळी हवा फुस्सकन निसटली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच संजना खळखळून हसली. ते हसू पाहून बापाला भरून आलं.

"रविवारी आईवडिलांना घेऊन या," ते अडखळत रवीला म्हणाले. "पोहे खायला."

"पुन्हा तोंड पाहणार, काका?"

"छे! या खेपेला तुम्ही माझं पाहा. सासरा पसंत आहे का, तेवढं सांगा."