चकतीतला दम

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. तळहाताएवढी, मधोमध भोक असलेली, एके काळी आरशासारखी लखलखणारी. तुम्ही मला सीडी म्हणाल. आता माझी एक बाजू खरवडली आहे आणि दुसरीवरचा रंग उन्हाने पोपडे धरून उडाला आहे. पण माझ्या पोटात एका माणसाचा आवाज होता. त्याची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

त्या काळी टीव्हीला यंत्र जोडून खेळायच्या खेळांत ठिपक्याठिपक्यांची माणसे धावत. पुण्यातल्या एका लहान कंपनीत काम करणाऱ्या विकासने ठरवले, आपल्या खेळात खरी माणसे धावतील, खऱ्या आवाजात बोलतील, आणि खेळ असेल कबड्डीचा. विकास मूळचा रिसोडचा. आसेगावजवळच्या तांड्यावरचा भाऊसिंग कशी चढाई करतो, हे त्याने सामन्यांत पाहिले होते. त्याने भाऊसिंगला पुण्याला नेले आणि निळ्या पडद्यासमोर उभे केले.

"खेळ," विकास म्हणाला.

भाऊसिंगने इकडेतिकडे पाहिले. "समोर त कोनीच नाही. हात कोनाले लावू, पडद्याले?"

"गडी मांगून चित्रात टाकतो आमी. तू निस्ते हायेत असं समज."

"अन् मी बाद झालो, तेबी मीच समजू काय?"

सगळे हसले. मग तो खेळला. एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहिला. आवाज टिपणाऱ्याने हात वर केला तरी थांबला नाही, कारण दम सुटला म्हणजे गडी बाद, हे त्याच्या अंगात मुरले होते. तो सगळा दम माझ्यात साठवला गेला.

पुढे जाहिरात सुरू झाली. रिसोडच्या बाजारात जीपच्या मागच्या बाजूला मोठा टीव्ही मांडला. बाजूला भाऊसिंगचे पोस्टर, आणि पोस्टरशेजारी त्याच बनियनमध्ये खुद्द भाऊसिंग. पोरे एकदा टीव्हीकडे बघत, एकदा त्याच्याकडे. एका म्हातारीने विचारले, "तू खरा का तो खरा रे?"

"टीव्हीतला चांगला हाये मावशी. तो थकत नाही."

गर्दी झाली, टाळ्या पडल्या. पण तसले यंत्र कोणाच्या घरी असणार? लोक पांगले. काही दिवसांत कंपनीही बंद पडली. भाऊसिंगच्या वाट्याला मी आले.

घरी त्याने मला बायकोच्या, मोतीबाईच्या हातात दिले. "याच्यात माहा आवाज हाये."

"घरात तुमचा आवाज कमी हाये काय," ती म्हणाली, "का आता डब्यात भरून आनला?"

रेणू, त्यांची लेक, तेव्हा तान्ही होती. त्याच हिवाळ्यात भाऊसिंग ऊसतोडीला गेला. तिकडे ट्रॉली उलटली. तो परत आला नाही.

आमच्याकडे ज्वारी कणसात आली की पोपट येतात. त्यांना भिववायला लोक चमकणाऱ्या वस्तू शेतात टांगतात. मोतीबाईने माझ्या भोकातून सुतळी ओवली आणि मला वेळूच्या काठीला बांधले. बांधताना हळूच म्हणाली, "तुमची राखन राहू द्या शेतावर." वाऱ्याने मी दिवसभर फिरत असे, काठीवर आपटत असे. दर हंगामाच्या शेवटी ती मला सोडून घेई आणि धुळीने भरलेल्या पदरानेच पुसून ठेवी. माझ्याशी कोणी वाईट वागले नाही, मित्रांनो. एवढ्या मायेने पुसल्यावरही माझ्या अंगावर ओरखडा उठे.

रेणू मोठी झाली, अंगणवाडीत शिकवू लागली. परवा ती रिसोडला संघदीपच्या दुकानात टीव्ही दुरुस्तीला घेऊन गेली. भिंतीवर ते जुने पोस्टर होते.

"हे कुठून आनलं, दादा?"

"जुना खेळ हाये, ताई. यंत्र पडेल हाये माह्यापाशी. चकतीच नाही."

"हा माहा बाप हाये," रेणू म्हणाली. बापाचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. 'तुह्या बापानं आवाज डब्यात भरून आनला होता' ही आई सांगायची ती थट्टा खरी होती आणि शेतात टांगलेली चकती तीच, हे तिला आत्ता कळले.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मला शेतातून सोडून घेऊन आल्या. संघदीपने मऊ कापडाने मला पुसले आणि यंत्रात ठेवले. मी फिरू लागले. पडद्यावर भाऊसिंग आला. वाकून त्याने मातीला हात लावला, सरळ झाला. छाती भरली. आत ओढलेला श्वास दुकानभर ऐकू आला.

आणि तिथेच मी अडकले.

संघदीपने पुन्हा लावले. पुन्हा तेवढाच श्वास. "पुढचं गेलं, ताई," तो म्हणाला. "इतकंच वाचून राह्यली ते."

मोतीबाईने पदर तोंडाला लावला. "म्याच टांगलं हिले. म्याच."

रेणूने आईचा हात धरला. "याडी, रडू नोको. तू त ऐकला हाये ना आवाज. कसा होता, सांग मले."

मोतीबाईने डोळे मिटले. सांगायला तोंड उघडले. मग म्हणाली, "आठवून नाही राह्यला वं, बाई."

आता मी रेणूच्या कपाटात, कापडात गुंडाळलेली असते. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी चकती किंवा फीत पडली असेल. ज्याला वाजवता येईल अशा माणसाकडे ती लवकर घेऊन जा. घरातल्या सगळ्यांना जवळ बसवा आणि शेवटपर्यंत ऐका.