मुडदे उठले त्या दिवशी

डेल्मर माझा दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. अमेरिकेतल्या आम्हा लाकोटा आदिवासींत मेव्हण्याने दाजीची टर उडवायलाच हवी, आणि ते काम मी कधी अर्धवट सोडलं नाही. व्हिएतनामहून परतल्यावर तो सिनेमात मरायला लागला. तीन वर्षांत अकरा सिनेमे, अकरा मरणं, तोंडी शब्द एक नाही. बाराव्यात मात्र त्याला पाच वाक्यं मिळाली होती, तीही आमच्या लाकोटा भाषेत. घरभर घोकत फिरायचा.

शूटिंग आमच्याच टेकड्यांत होतं, आणि मुडदे म्हणून आम्हीही बरेच होतो. डेल्मरचं मरण आधी घ्यायचं होतं, त्याची वाक्यं दुसऱ्या दिवशी. कपडेपटवाल्यांनी त्याच्या केसांत रंगवलेलं टर्की कोंबडीचं पीस खोचलं. मी गप्प बसतोय कसला!

"दाजी, लढाईला निघालात की भट्टीत भाजायला?"

ट्रकमधून स्वतःचं गरुडाचं पीस काढून त्याने केसांत बांधलं. लढून आल्यावर म्हाताऱ्यांनी सगळ्यांसमोर दिलेलं होतं ते.

कॅमेरा सुरू झाला, खोटी गोळी लागली, डेल्मर घोड्यावरून पडला, आणि पीस सुटून धुळीत पडलं.

असं पीस पडणं म्हणजे लढाईत सोबती पडणं. ज्याचं आहे त्यानेही ते उचलायचं नसतं. लढून आलेल्या चौघांनी रीतीने उचलायचं, मग ज्याचं त्याने ते कसं कमावलं ते सांगायचं, तोवर सगळं थांबतं. आणि हे माझ्या चेष्टेपायी झालं होतं.

डेल्मर उठून पिसाजवळ उभा राहिला.

"अरे, तू मेलायस! आडवा हो!" दिग्दर्शक ओरडला.

"मेलो नाही. हे उचलल्याशिवाय मी हलणार नाही."

"मी देतो उचलून."

"हात लावू नका."

"मग उद्याची वाक्यं विसर. दुसरा मिळेल मला."

डेल्मर जागचा हलला नाही.

तेवढ्यात कोरियात लढलेला म्हातारा मोझेस मुडद्यांतून कपडे झटकत उठला. त्याच्यामागे लढून आलेले आणखी दोघे उठले. जेवणाच्या तंबूतून युनिसमावशी हातातला डाव टाकून आली. ती युद्धात लष्कराची नर्स होती. मग आम्ही उरलेले सगळे मुडदेही उठलो. दिग्दर्शक "झोपा, झोपा!" करत राहिला.

मोझेसने गाणं धरलं. चौघं पिसाभोवती नाचले. मावशीने ते उचलून डेल्मरच्या हातात दिलं.

"कुठं कमावलंस रे, बाळा? सांग आता."

हे त्याने माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. आता सांगू लागला. कमरेइतका चिखल, पाठीवर जखमी सोबती रेमंड, दोन मैल. रेमंड वाटेत केव्हा गेला ते त्याला कळलंच नाही, तो त्याच्याशी बोलतच राहिला होता.

कॅमेरा बंद होता. दिग्दर्शकाचा मदतनीस घड्याळ दाखवत माझ्याकडे आला.

"अजून किती वेळ?"

"गप्प बसा," मी म्हणालो. "माझे दाजी बोलतायत."